कुलूप नको असलेली खोली

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्ध्यातूनच, उरलेला समजून घे). गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला आणि त्याहून जुनी त्यांची कुरकुर, दोन्ही कमी असावीत. मी ठणठणीत आहे. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून तुला भलतीच शंका यायची.

गेल्या महिन्यात एका समुपदेशक बाईंकडे दाराचं काम होतं. मनाला मार बसलेली माणसं त्यांच्याकडे येतात, शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत, कुणीही, कसंही असो. आल्याआल्या त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काय म्हटलेलं आवडेल? चोपन्न वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं (तू तर 'भोपळ्या' म्हणून मोकळी झालीस). मी ऐटीत सांगितलं, कारागीर. बाईंचं म्हणणं असं, की आतलं बोलणं बाहेर जाऊ नये, पण आतल्याला वाटेल तेव्हा उठून जाता यावं, म्हणून दाराला कुलूप नको. तीस वर्षं कुलपं बसवणाऱ्याला हे सांगायचं! म्हटलं, बाईंना यातलं काय कळतंय. दाराखालची फट रबरानं बुजवली आणि ओढताच आपोआप लागणारं, दोन्ही बाजूंनी किल्लीनंच उघडणारं, माझ्याकडचं सगळ्यात भारी कुलूप बसवलं. मग तपासायला आत गेलो आणि दार ओढलं. किल्ल्यांचा जुडगा बाहेर, पेटीत. कुलूप उत्तम लागलं, हे अभिमानानं नमूद करतो.

जुडग्यात त्रेपन्न किल्ल्या, त्यातली कुठली कशाची हे फक्त मला ठाऊक. बाहेर बाई आणि आपल्या वेळेची वाट बघत बसलेली पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी. मी आतून रुबाबात सूचना देणार होतो, पण तोंडातून शब्दच फुटेना. शर्ट ओलाचिंब (पंखा बंद होता, असं मी नंतर सांगितलं). बाईंनी दार बडवलं नाही की आरडाओरडा केला नाही. म्हणाल्या, एकेक किल्ली लावून बघतोय, प्रत्येक वेळी आधी सांगू. आणि ती मुलगी सांगत राहिली, "काका, आता पितळी लावते. नाही लागली. आता छोटी. मी इथंच आहे हं."

ताई, ते ऐकून मला रडूच फुटलं. बाबांनी कोठीच्या खोलीत कोंडलं की तू दाराखालून बोटं आत घालून हेच म्हणायचीस. आणि मी मूर्खानं ती फटच बुजवून ठेवली होती.

एकेचाळिसाव्या किल्लीला दार उघडलं. बाईंनी पाणी दिलं, दार उघडंच ठेवलं, कुठं बसाल एवढंच म्हणाल्या. मी दाराजवळची खुर्ची धरली. बाकी मला काहीही झालेलं नाही.

तुझा,
भोपळ्या (बाहेर : कारागीर)

ता. क. कुलूप काढलं. आता नुसती मूठ आहे, बोटानं ढकललं तरी दार उघडतं.

ता. क. २ : दर गुरुवारी चार वाजता त्या दाराच्या देखभालीला जातो. तासभर लागतो. दाराला काही झालेलं नाही, हे बाईंनाही ठाऊक आहे.

ता. क. ३ : बरोबर कुणाला आणलं तर चालतं म्हणे. या गुरुवारी येशील? बाहेरच्या बाकावर बस आणि एकदा ते 'मी इथंच आहे' म्हण. त्या कोठीच्या दाराबाहेर जीव मुठीत धरून बसायचीस तेव्हा तूही नऊच वर्षांची होतीस, हे माझ्या परवा पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणून म्हणतो, तुलाही आत यावंसं वाटलं तर ये. दोन खुर्च्या दाराजवळ ओढून ठेवल्यात.