निकालाआधी लागलेला बोर्ड

प्रिय आण्णा,

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली आणि मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण मी घाबरले आहे आणि हे सांगावं असं दुसरं कुणी सुचत नाही.

उद्या सकाळी रेवाची इंग्रजी स्पेलिंगची जिल्ह्याची फायनल आहे. तुमची नात आता नऊ वर्षांची झाली. आज सकाळी वॉशिंग मशीनच्या मागे मला तिची ओली चादर सापडली. नीट घडी घालून लपवलेली. गेल्या पाच वर्षांत तिनं कधी अंथरूण ओलं केलं नव्हतं.

मी फौंड्रीत क्वालिटीला आहे. ओतलेल्या कास्टिंगला तडा दिसला की कारण शोधायचं, हे माझं रोजचं काम. इथं कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. काल संध्याकाळी मी रेवाचा फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'आमची चॅम्पियन'. मी! जिनं स्वतःच्या बढतीचे पेढेसुद्धा वाटले नाहीत. तासाभरात पाहुण्यांचे फोन सुरू झाले. गावाहून बापूचाही आला.

"ताई, चौकात डिजिटल बोर्ड लावतोय भाचीचा. दहा बाय आठ!"

"अरे, अजून स्पर्धा व्हायची आहे."

"मग काय झालं? आण्णांनी बी आधीच लावलता की!"

हो, लावला होतात. मी सातवीत होते. अशाच स्पेलिंगच्या फायनलच्या आदल्या दिवशी, दूध डेअरीसमोर. वर चेअरमन आणि सगळे संचालक, खाली कोपऱ्यात मी. 'स्पर्धा जिंकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' आई म्हणाली होती, "निकाल तरी लागू दे." आणि तुम्ही? "लागलाच म्हणून समज. माझी पोरगी हाय ती!"

इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं. तरी महिनाभर, डेअरीत दूध घालून आलात की पुस्तक मांडीवर घ्यायचात. एकेका अक्षरावर बोट ठेवून मी म्हणेन ते जुळवून बघायचात. चुकलेलं एकदाही चालवून घेतलं नाहीत. इतका काटेकोर माणूस निकालाच्या बाबतीत अशी घाई कशी करून बसला, आण्णा?

कोल्हापुरात मी दुसऱ्याच फेरीत बाहेर पडले. शब्द येत होता. पण माइकसमोर उभी राहिले आणि मला फक्त तो बोर्ड दिसत राहिला.

परतीच्या एसटीत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. गावाच्या आधीच्या थांब्यावर मला उतरवलंत आणि उसाच्या बांधावरून मागच्या वाटेनं घरी आणलंत. मी धरून चालले, की तुम्हाला माझ्याबरोबर दिसायची लाज वाटते. पुढे तो बोर्ड पावसासाठी झाकण म्हणून वैरणीच्या गंजीवर गेला. पावसाळाभर संचालक मंडळ आणि मी गंजीवर उलटे पडून होतो. तुम्हाला हसू यायचं, मला नाही. तेव्हापासून माझी कुठलीच गोष्ट मी तुम्हाला आधी सांगितली नाही. इंजिनिअरिंगचा निकालसुद्धा तुम्हाला शेजाऱ्यांकडून कळला. त्या दिवशी तुम्ही नुसते माझ्याकडे बघत राहिलात.

आज चादर धुवायला टाकली आणि आईला फोन केला. पहिल्यांदाच तिला ती लाजेची गोष्ट सांगितली.

"लाज? खुळी हायस काय?" ती ओरडलीच. "त्या बोर्डाम्होरनं पोरीला कसं न्यायचं, म्हणून भ्यालते ते! स्टँडवरनं डेअरीत फोन केलता, बोर्ड उतरवा म्हणून. कुणी ऐकलं न्हाय. तू झोपल्यावर गोठ्यात जाऊन रडलेत."

वीस वर्षं, आण्णा! का नाही सांगितलंत? आणि मी तरी का नाही विचारलं?

मग बापूला फोन करून बोर्ड रद्द करायला सांगितला. "अगं, छापून झालाय की!" म्हणाला. मी म्हटलं, "मग वैरणीवर घाल." तो हसला. मीही हसले.

पण स्टेटसचं काय करावं, हे मला ठरवता येईना. काढला, तर तिला वाटेल आईचा भरवसा उडाला. ठेवला, तर उद्या माइकसमोर तिलाही तेच दिसेल. दोन्हीकडे चूक. असा प्रश्न मला कामावर कधी पडत नाही. शेवटी दुपारी ती शाळेतून आल्यावर तिच्यासमोर मोबाइल ठेवला.

"चादर मी धुतली," मी म्हटलं. "मीही घाबरले आहे."

तिनं दप्तर खाली ठेवलं. "तुला कुठं स्पेलिंग सांगायचंय?"

"नाही. तरीपण."

"मी हरले तर मामा काय म्हणेल?"

"मामाला मी बघते. हा फोटो काढू?"

तिनं विचार केला. "फोटो राहू दे, चांगला आलाय. ते चॅम्पियन तेवढं काढ."

मी ते स्टेटस काढून नुसता फोटो पुन्हा ठेवला. तिनं बोट ठेवून खात्री केली आणि खेळायला गेली.

माझी भीती गेलेली नाही, आण्णा. ती पुन्हा घाबरली तर? माझ्या तोंडावरून तिला काही कळलं तर? पण तुम्हाला एक वचन देते. उद्या ती जिंको, नाहीतर पहिल्याच शब्दाला बाहेर पडो, घरी येताना मी गप्प बसणार नाही. काय बोलेन, ते अजून ठरलेलं नाही. पण पहिला शब्द मी बोलेन.

तुमची,
सुजाता