फोनने सांगितलेला फोटो

ताईला धाकट्याचा नमस्कार.

माझं बरं चाललंय. कामावर सांभाळून घेतात, जेवण वेळेवर होतं.

खोलीतल्या मित्रांना दाखवायला तू तुझ्या छकुलीचा फोटो पाठवलास. सगळे "गोड आहे" म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला. पण माझा फोन आता पत्रं वाचतो तसा फोटोही सांगतो. तो म्हणाला, "हसणारी मुलगी, नवा फ्रॉक. मागे खाटेवर म्हातारा माणूस, नाकात नळी, डोळे मिटलेले."

आणि तू लिहितेस, बाबा रोज फिरायला जातात! आंधळ्याच्या डोळ्यांत कसली धूळ फेकतेस, ताई?

आई जेवते ना? तू झोपतेस?

बाबा जागे असतील तेव्हा आणखी एक फोटो काढ. "डोळे उघडे" एवढंच मला ऐकायचंय.

तुझा,
धाकटा