आपण मंठ्याला बसायला जायचो

मावशी,

काल मी एका पोरीला घेऊन जांबला गेले होते. दर्शनाला नाही, नुसतं बसायला. तू असतीस तर कशाला ते लगेच ओळखलं असतंस, कारण ही बसायला जायची रीत तुझीच. तू गेल्याला दहा वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. एकतर तुला वाचता यायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं असं माझ्याकडं जे आहे ते नव्हे. पण काल त्या पोरीनं मला एक गोष्ट विचारली, आणि मी तिच्याशी खोटं बोलले. आज सकाळपासून कामात ध्यान नाही. हजेरी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा चुकली. मंग म्हटलं, बसावं एकदाचं.

पोरगी नऊ वर्षांची आहे. जालन्याच्या ज्या बालगृहात मी अधीक्षक आहे, तिथं ती पावसाळ्यात आली. आल्यापासून तीनदा पळाली आणि तिन्ही वेळा जांबच्या मंदिराच्या वाटेवर सापडली. तिची आई तिथं फुलं-नारळ घेऊन बसायची आणि ही शेजारी. एक दिवस आईला तिथूनच दवाखान्यात नेलं. जाताना कुणीतरी हिला म्हणालं, तू इथंच थांब, आई येईल. आई दवाखान्यातच गेली. हिला सांगितलं सगळ्यांनी, पण दाखवलं कुणी नाही. परवाच्या बैठकीत साहेब लोक म्हणाले, भिंत दोन फूट वाढवा, वर काचा लावा, फाटकाला दिवसाही कुलूप घाला. माझा पारा चढला. तुला माहीत आहे, माझी जीभ काही सुधारली नाही. मी म्हटलं, साहेब, तिला कुठं जायचंय ते तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का? सगळे कागद चाळायला लागले.

मला तरी तुझ्याआधी कुणी विचारलं होतं? जालना नवा जिल्हा झाल्ता त्या दिवसांतली गोष्ट. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि बापानं मला मंठ्याच्या स्टँडवर भिंतीशी बसवलं. म्हणाला, "इथंच बस. हलू नको. मुकादमाला भेटून आलोच." मुकादम म्हणजे ऊसतोडीला टोळ्या नेणारा. मी बसले. तो दिवस गेला, दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी पोलिसानं उचलून जालन्याला नेलं आणि तिथल्या संस्थेनं सहा महिन्यांनी मला तुझ्या घरी, कुंभार पिंपळगावला, सांभाळायला दिलं. संस्थेच्या बाईंनी सांगितलं, ह्यांना मावशी म्हणायचं. मी म्हटलं नाही. मला तुझं घर आवडलं नव्हतं. लोकरीचा वास, दारात तुझ्या नवऱ्याची, काकांची, वीस-बावीस मेंढरं, आणि तू माझ्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकायचीस. मी आठ वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात एकच होतं, मला हलू नको म्हणून सांगितलंय आणि मी हललेय. बाप येईल, मी जागेवर नसेन, तो निघून जाईल.

म्हणून मी पळायचे. एखाद्या बाईच्या पदराला धरून गाडीत चढायचं, कंडक्टरला वाटायचं तिचीच पोर आहे. पहिल्यांदा त्यानं अर्ध्या वाटेवर ओळखलं. दुसऱ्यांदा परतूरला पकडलं. त्या वेळी तू मला मारलंस, एकदाच, पाठीत, आणि मंग स्वतःच चुलीकडं तोंड करून बसलीस. दुसऱ्या दिवशी तुला एक अक्कल सुचली. मेंढीच्या गळ्यातली लहान घंटी तू माझ्या परकराच्या नाडीला शिवलीस. मी कुठंही गेले तरी तुला घरात बसून ऐकू यायचं. गल्लीतली पोरं मला मेंढी म्हणायला लागली. चार दिवस मी सोसलं. पाचव्या दिवशी तू भाकरीला पीठ मळत होतीस, त्यातलं चिमूटभर उचललं, घंटीत गच्च भरलं आणि तुझ्या पाठीमागून मुकाट्यानं निघून गेले. त्या वेळी मी थेट मंठ्याला पोचले. तिथं त्याच भिंतीशी, त्याच जागी बसले. तू आणि काका संध्याकाळी आलात तेव्हा घंटीतलं पीठ वाळून खडा झालं होतं. ते बघून तू हसलीस. "लेकरू हुशार हाय गं बाई, मलाच येडी केली," असं म्हणालीस, आणि हसता हसता तिथंच फलाटावर रडायला लागलीस. काका इकडंतिकडं बघत राहिले.

आठ दिवसांनी संस्थेच्या बाई वही घेऊन आल्या. तू त्यांना चहा दिलास, खाली बसलीस आणि विचारलंस, "काय लिव्हून राह्यल्या बाई?" त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा पळून गेली. आता हिला इथं ठेवता येणार नाही. मोठ्या संस्थेत पाठवू, तिथं बंदोबस्त असतो." मी दाराआड उभी होते. बंदोबस्त म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण तुझा आवाज बदलला तो मला कळला. तू म्हणालीस, "तसं लिव्हू नका. पळून न्हाई गेली ती. घरला निघाल्ती." बाई म्हणाल्या, अहो, तिला घर कुठं आहे? तू म्हणालीस, "ते तिला कुठं ठावं हाय? नवी मेंढी इकत आणली का ती बी अशीच करती. जुन्या कळपाकडं तोंड करून हुबी राहती, दावं तोडून जाती. मारून बांधून ती राहत न्हाई. आमच्या माहेरी काय करतात, तिला आपणच घेऊन जुन्या कळपाच्या वाड्यावर जायाचं. हुबं ऱ्हायाचं तिच्यासंगं. बघू द्यायचं. मंग ती आपल्या पायानं मागं येती. एक महिना द्या मला. बिलकुल एकच महिना." बाईंनी पेन बंद केलं. तुझ्यावर त्यांचा विश्वास बसला की चहा गोड लागला, देव जाणे, पण त्यांनी महिना दिला.

पुढच्या मंठ्याच्या बाजाराला तू मला पहाटे उठवलंस. मला वाटलं, पाठवायला निघाली. तू धपाटे केले होतेस, लसणाची चटणी, आणि एका फडक्यात तीन माणसांची शिदोरी बांधलीस. मी मोजून बघितली म्हणून मला माहीत आहे. तिसरा वाटा कुणाचा ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. परतूरला गाडी बदलली. मंठ्याला उतरल्यावर तू म्हणालीस, "दाव, कुठं बसायचं ते." मी जागा दाखवली. तू भिंतीला टेकलीस, कमरेची चाती काढलीस आणि लोकर कातायला लागलीस, घरच्या ओट्यावर बसावं तशी. बाजाराची माणसं येत होती, कोंबड्या, पोती, मिरच्यांची गाठोडी, गाडीमागून गाडी. दर गाडीला मी उठून उभी राहायचे आणि तू चाती थांबवायचीस. शेवटच्या गाडीच्या आधी तू विचारलंस, "जायाचं का, का आणखी बसू?" एवढा वेळ माझ्या मनात काय चाललं होतं ते मला आता आठवत नाही, पण मला विचारलं हे आठवतं. आपण तिसरा वाटा एका म्हाताऱ्याला दिला आणि परत आलो. त्या महिन्यात मी पळाले नाही. कशाला पळू? पुढच्या महिन्यात नेणार आहे, असं तू सांगितलं होतंस, आणि नेलंस.

पाच वर्षं, मावशी. दर महिन्याला एकदा. ताप असताना आलीस, काका मेंढरं घेऊन गोदेकाठी गेलेले असताना घरी राहिलेली दोन-चार शेजारणीला सोपवून आलीस. गावातल्या बायका म्हणायच्या, हिला काही कामधंदा नाही का. तू म्हणायचीस, "जत्रंला जातो आम्ही मायलेकी." पहिल्यांदा मायलेकी म्हणालीस तेव्हा मी ऐकलं नाही असं केलं. त्याच हिवाळ्यात कधीतरी मी तुला मावशी म्हटलं. तुझ्या लक्षात आलं नाही, किंवा तूही ऐकलं नाही असं केलंस. त्या प्रवासात तू मला जेवढं सांगितलंस तेवढं आयुष्यात कुणी सांगितलं नाही. तुला मूल झालं आणि राहिलं नाही, हे मला परतूरच्या स्टँडवर कळलं. मला अजून धपाट्यांचा वास आला की पहाटच झाल्यासारखं वाटतं. आता बालगृहाची स्वयंपाकीण बाई दर शनिवारी धपाटे करते, चांगले करते, पण फडक्यातले वेगळे असायचे. जरा ओलसर व्हायचे, वाफेनं. तसे पुन्हा कुठं खायला मिळाले नाहीत, आणि तुझ्याशेजारी बसायलाही.

तर काल मी त्या पोरीला जांबला नेलं. आईची जागा तिनं दाखवली, आम्ही बसलो. शेजारच्या फुलवालीनं तिला ओळखलं, जवळ घेतलं, तिच्या आईबद्दल सगळं खरं खरं सांगितलं. पोरगी ऐकत राहिली. मंग मी, तिला बरं वाटावं म्हणून, तुझी आणि माझी गोष्ट सांगितली. घंटीला ती हसली. आणि हसता हसता तिनं विचारलं, "बाई, मंग तुमचा बाप आल्ता का?" मी म्हणाले, न्हाई गं. ती म्हणाली, "मंग लई वाईट वाटलं असंल." मी तिच्या वेणीशी चाळा करत बसले. पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं ठरलं आहे. भिंतीचं काम मी थांबवून ठेवलंय, बघू किती दिवस जमतं.

बाप आला न्हाई, हेच मी तुलाही सांगितलं होतं. आणि जालन्याच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तू माझा हात धरून जे बोललीस, ते ऐकूनही मी खरं सांगितलं नाही. दुपारची वेळ होती, तुला दम लागत होता. "मला एक सांगायचं राहून गेलंय," म्हणालीस. "मंठ्याला बसल्यावर तोंडानं म्हणायची, देवा, लेकराचा बाप येऊ दे. अन् आतून म्हणायची, आजचा दिवस जाऊ दे, नको येऊ दे त्याला. दर बारीला. म्हणून त्यो आला न्हाई. माझ्या पापानं तुझा बाप तुटला गं." मी तुझे पाय चोळत होते. म्हणाले, असं काही नसतं मावशी, पड तू. असं काही नसतं! एवढी मोठी शिकलेली बाई मी, आणि तुला तेवढंच देता आलं. चार दिवसांनी तू गेलीस, ते पाप उशाशी घेऊन.

आता ऐक. मी अकरा वर्षांची होते. उन्हाळा होता, तुझा नुकताच डोळा लागला होता, चाती मांडीवर होती. समोर नळाशी एक माणूस ओंजळीनं पाणी पीत होता. उठला, तोंड पुसलं, आणि मला तो पाठीवरूनच कळला. वाळला होता. हातात एक पिशवी होती. तो लिंबाखाली उभा राहिला आणि परतूरच्या गाडीतून उतरणाऱ्या माणसांकडं बघायला लागला. बायकांबरोबर पोरी उतरल्या की मान उंच करून बघायचा. त्याला गाडीच गाठायची असेल, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. मी भिंतीशी होते, त्याच जागेवर, पण मधे पोती रचली होती. एक हाक मारली असती तर पुरलं असतं. मी तुझ्याकडं बघितलं. तुझं तोंड उघडं होतं, पदर घसरला होता. मला माहीत होतं, तू उठशील, हात जोडशील, शिदोरीतला तिसरा वाटा त्याच्यापुढं ठेवशील आणि मला त्याच्या हाती देशील, कारण तू तशीच होतीस. मी तुला हलवलं. "मावशे, चल, गाडी लागली." तू दचकून उठलीस. "आज जल्दी?" म्हणालीस. मी पोत्यांच्या मागच्या बाजूनं तुला गाडीत चढवलं. गाडी सुटल्यावर तू नेहमीसारखं विचारलंस, "कुणी दिसलं का गं?" मी म्हणाले, न्हाई. त्यानंतर दीड वर्ष तू मला मंठ्याला नेत राहिलीस, आणि दर वेळी मी लिंबाकडं बघायला घाबरत राहिले. तो पुन्हा दिसला नाही.

तुझं आतलं मागणं कुणी ऐकलं नाही. हे मी तुला दवाखान्यात सांगायला हवं होतं, आणि तू रागावशील म्हणून घाबरले, पस्तिशीला टेकलेली बाई मी. हा कागद कुठं टाकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही, त्या पोरीलाही एवढ्यात नाही. तो आला होता, मावशी, आणि मला तुझ्याकडं राहायचं होतं.