नगरभवनाची खचलेली कमान

सातारा, ३ मार्च १९७४

तीर्थरूप आप्पांच्या पायांवर आकारामचं डोकं.

मी खुशाल हाय. बोटावर दगड आला व्हता, पट्टी निघंल आता.

हितल्या शंभर वर्सांच्या नगरभवनाची एक कमान खचली. इंजिनेर सायेब म्हणालं, "साती कमानी पाडून शिमेंटचा स्लॅब टाकू." मी म्हणालो, "पंधरा दिस द्या. न्हाई टिकली तर मीच पाडतो."

तुमी शिकवलं तसा बैलाच्या घाणीवर चुना मळला, दगड बसवलं. काल खालचा लाकडी आधार काढला, तवा मी कमानीखालीच हुबा ऱ्हायलो. खडाबी पडला न्हाई. सायेबानं पाडायचा हुकूम मागं घेतला.

उरलेल्या सहाबी नीट करूनच येतो. पाडव्याला वाट बघू नका, तुमच्या सुनंला, अंजनाला समजावा.

तुमचं डोळं कसं हायत? समद्या कमानी झाल्या की तुमाला एस्टीनं हितं आणतो. दिसलं न्हाई तरी हात फिरवून सांगा, दगडांचा सांधा बोटाला गवसतोय का.

तुमचा
आकाराम