धाकटीची खिडकी

४ मार्च

फुटली! पुन्हा माझीच. पॉवर अर्ध्यावरही गेली नव्हती, तोच टक्क! निर्वात पोकळीत हवा शिरली आणि अख्खी मायक्रोवेव्ह ट्यूब कामातून गेली. तळहाताएवढी सिरॅमिकची चकती. मायक्रोवेव्ह लहरींना ट्यूबमधून बाहेर पडायची तेवढीच खिडकी. मधे तापते, कडेला गार राहते, आणि तडकते.

शेजारच्या टेबलावर धाकटी. घरी माझी जाऊ, इथे माझ्याइतकीच इंजिनिअर. तिची खिडकी पूर्ण पॉवरला टिकली. चकतीभोवतीची तांब्याची कडी तिने पातळ ठेवली होती. म्हणे, "कडीनं थोडं वाकायला हवं, ताई." मला शिकवते!

५ मार्च

जेवताना सासूबाई— "धाकटीनं नाव काढलं हो घराण्याचं!" मी मुकाट्याने पानं उचलली. जरा आपटलीच. नवरा म्हणतो, "अगं, घरातलीच आहे ना ती!"

म्हणूनच तर! परकी असती तर संध्याकाळी आपल्या घरी गेली असती.

७ मार्च

तिच्या नव्या खिडकीची तपासणी माझ्याकडे आली. भेगेत मुरणारा लाल रंग लावला, पुसला. कडेला केसाएवढी रेघ राहिली. पुन्हा पुसून पाहिलं. भेगच!

आनंद झाला. इथे तरी खोटं कशाला लिहू?

धाकटीने विचारलं, "कशी आहे, ताई?"

"ठीक आहे," म्हणाले. फुटू दे परवाच्या चाचणीत, साहेबांसमोर. कळू दे सगळ्यांना.

८ मार्च

अजून सांगता येईल. नाही सांगितलं.

९ मार्च

फुटली. सगळ्यांच्या देखत. साहेब तडकले, "तपासणीत नाही दिसलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटी पुढे झाली. "तपासणीचा प्रश्नच नाही, सर. ताईंच्या नजरेतून भेग सुटायची नाही. चकतीला कडी जोडताना भट्टी मीच घाईनं थंड केली असणार."

साहेबांनी तिला नको नको ते सुनावलं. ती खाली मान घालून उभी. हेच बघायचं होतं ना मला? बघवेना. तरी गप्प राहिले.

घरी येताना वाटेत मलाच म्हणते, "तुमचंही काम वाया गेलं, ताई. सॉरी."

११ मार्च

सांगून टाकलं. साहेबांना, तिच्यासमोरच. भेग दिसली होती, मी लपवली. साहेबांनी तपासणी माझ्याकडून काढून धाकटीला दिली. ती काहीच बोलली नाही.

आत्ता जेवायला वाढताना बोलली. सगळ्यांसमोर, अगदी हळू आवाजात—

"मॅडम, अजून वाढू?"