हात वर केला

रविवार, दिवेलागण

जेवायची इच्छा नाही. उजवा हात उगाचच जड वाटतोय.

आज ग्रामसभेत बंदुकीचा ठराव होता. वानर आणि रानडुकरं नारळाच्या वाड्यांची नासधूस करतात, म्हणून शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने सरकारने सढळ हाताने द्यावेत, असा. शेजारच्या सुनंदावहिनी विरोध करणार होत्या. कालच मी आपणहून त्यांना म्हटलं, "तुम्ही बोला, मी तुमच्या बाजूने हात वर करतो."

त्या पहिल्या रांगेतून उठल्या. "माझ्या माणसावर डुक्कर समजून बार काढला, जागीच गेला. त्या बंदुकीला पण परवाना व्हता." एवढंच बोलून बसल्या. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मग नारळ काय वानरांना वाढायचे?" लोक हसले. मीही हसलो का? हसलो असेन.

सकाळीच वानरांनी माझी शहाळी फोडून खाली टाकली होती. तीच डोळ्यांपुढे होती, असं आता म्हणतोय. खरं तर आजूबाजूचे सगळे ठरावाच्या बाजूने हात वर करत होते. माझाही गेला. हाच, उजवा. विरोधात कोण, असं सरपंचांनी विचारलं तेव्हा वहिनींनी हात वर केला. मागे वळून पाहिलंच नाही.

बाहेर चपला शोधताना त्यांनी विचारलं, "भावजी, मी मागं बघितलं न्हाय. तुम्ही केलात ना हात वर?"

"केला," मी म्हटलं. खोटं तरी कुठे बोललो?

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, मी एकटीच."