सदतीस किंचाळ्या

४ जून
बाबांना "दाताच्या डॉक्टरकडे जाते" सांगून चोरून वाजवून आले. येताना दवाखान्यात खरंच डोकावले, म्हणजे खोटं अर्धंच! आजोबा, बाबा, मी – तीन पिढ्या क्लॅरिनेट, तीन पिढ्या जुना जॅझ. आणि आज मी एका गायिकेच्या चकचकीत नाचगाण्यासाठी चार सूर वाजवले. दर वेळी जरा वेगळे, बाबांनी शिकवलंय तसे. रेकॉर्डिंगवाला वैतागला. "ताई, नक्षी नको हो! एकदाच वाजवा, पुढे मशीन तेच तेच जोडेल."
पाचव्या वेळी शेवटचा सूर चिरकला. चक्क किंचाळी! तो खुर्चीतून उठलाच. "हेच ठेवायचं!"

५ जून
त्याला फोन केला. चूक आहे ती, पुन्हा वाजवते म्हटलं.
"ताई, त्या चुकीवर अख्खं गाणं उभं आहे."

१९ जून
गाणं आलं. मोजल्या. सदतीस किंचाळ्या.

२६ जून
इस्त्रीवालासुद्धा तोंडाने किंचाळतो! आज जेवताना खिडकीतून तेच गाणं आलं. बाबांचा घास हातातच राहिला.
काका (आमच्या बँडचे ड्रम तेच वाजवतात) म्हणाले, "कुणाचं तरी मांजर दारात चेंगरलंय."
बाबा म्हणाले, "मांजराचा खालचा ओठ सैल आहे."
मेले! सूर चिरकला की सातव्या वर्षापासून हेच ऐकत आलेय – खालचा ओठ सैल!

२७ जून
सगळं सांगून टाकलं. गाण्याचं, दाताचं, आणि त्या गायिकेने महिनाभराच्या दौऱ्याला बोलावलंय तेही. जावंसं वाटतं, हेही. हे शेवटचं फार हळू म्हणाले.
"शनिवारच्या कार्यक्रमात बँडमध्ये तुझ्या खुर्चीत कोण बसणार?" एवढंच विचारून बाबा खोलीत गेले. कडी लावली.

२९ जून
अबोला. मीठसुद्धा काकांमार्फत. "तो म्हणतोय, इकडे सरकव." मी समोरच बसले होते!
दौऱ्याला नाही म्हणून कळवावं. उद्या कळवते.

३० जून
कळवलं नाही. दुपारी बाबांच्या बंद दाराआडून किंचाळी आली. मग दुसरी. अर्धा तास! शेवटी कडी निघाली. बाबा घामाघूम, ओठ लाल.
"शनिवारी लोक हेच मागणार, आणि तू असणार दौऱ्यावर. चाळीस वर्षांत एकदा चिरकलो नाही गं – आता जमतच नाहीये! बस इथे. ओठ नेमका कधी सोडतेस?"